मिठाची जागा

वहिनी, बरणी पुन्हा खिडकीत ठेवली आहे. तीच, रुंद तोंडाची, काचेची. सकाळपासून चार वेळा उठून पाहून आलो. पाहण्यासारखं त्यात काही नाही. तळाशी बोटभर मीठ, वर नितळ पाणी आणि पाण्यात दोऱ्याला टांगलेला एक खडा. पाचव्यांदा जाऊ नये म्हणून लिहायला बसलो आहे. मी हळू लिहितो हे तुम्हाला माहीत आहे. एक ओळ लिहायची आणि मान वर करून खिडकीकडे बघायचं, असं चाललं आहे.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. गल्लीत लोक भेटतात, तुमच्या कॉलेजातल्या मुली भेटतात. त्या मुलीही आता आज्या झाल्या आहेत. तुम्ही रसायनशास्त्र किती छान शिकवायचात ते सांगतात. मी मान डोलावतो आणि पुढे निघतो. मला तुमच्याशी मिठाविषयी बोलायचं आहे आणि ते दुसऱ्या कोणाशी बोलता येत नाही. मुक्ताशीही नाही. ती तुमची मुलगी आहे, तिच्याशी तर नाहीच.

तुम्ही लग्न होऊन बनारसला आलात तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. दुसऱ्याच दिवशी आई तुम्हाला गंगापूजनाला मुन्शी घाटावर घेऊन गेली. मागून पूजेची पिशवी घेऊन मी. आई म्हणाली, "आचमन कर." तुम्ही ओंजळ तोंडाला लावलीत, क्षणभर थांबलात आणि म्हणालात, "अगंबाई, हे तर अळणी!"

आईचा चेहरा मला अजून दिसतो. "गंगेला अळणी म्हणतेस?"

"तसं नाही हो, आई. एवढं मोठं पाणी मी आजवर खारटच पाहिलंय. जीभ आपली वाट बघत बसली."

शेजारी बसलेल्या गुरुजींना मराठी कळत होतं. ते हसू दाबत पाण्याकडे बघू लागले. आईने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि तरातरा पायऱ्या चढू लागली. पण त्या दिवसापासून मला तुमची भीती वाटेनाशी झाली.

तुमचं माहेर कोकणातलं, खाडीच्या काठावरचं. वडील मिठागरात कारकून. समुद्राचं पाणी बांधांमध्ये अडवायचं, ते उन्हात आटू द्यायचं आणि खाली राहिलेलं मीठ ओढून त्याचे ढीग करायचे, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलेलं. बनारसमध्ये तुम्हाला सगळं आवडलं, पण मीठ दुकानातून पुडक्यात आणायचं हे काही तुमच्या गळी उतरलं नाही. "मीठ विकत घ्यायचं म्हणजे वारा विकत घेतल्यासारखं वाटतं," असं म्हणायचात.

त्या वर्षी मी इंटरला रसायनशास्त्रात नापास झालो. दादा रेल्वेच्या नोकरीवरून दमून यायचा, त्याने नुसतं "बघ बाबा" म्हणून सोडून दिलं. तुम्ही मला स्वयंपाकघरात बोलावलंत. समोर फुलपात्र, त्यात पाणी, शेजारी मिठाचा डबा.

"घाला एक चमचा, भावजी."

सतरा वर्षांच्या नापास मुलाला 'अहो भावजी' म्हणणारं त्या वेळी तुमच्याशिवाय कोणी नव्हतं. मी घातला, ढवळला.

"गेलं?"

"गेलं."

"अजून घाला."

असं करत करत एक चमचा तळाशी पडून राहिला. मी ढवळत राहिलो, तो फिरत राहिला, पुन्हा खाली बसला.

"का बरं?"

"पाण्याचं पोट भरलं," मी म्हणालो.

तुम्ही इतक्या हसलात की आई दारात आली. "माझ्या पुस्तकात याला संपृक्त द्रावण म्हणतात. उद्या वर्गात मला हिंदीत संतृप्त विलयन म्हणावं लागेल. तुमचं पोट भरलेलं उत्तर मला त्यापेक्षा सोपं पडेल."

मग मी विचारलं, तापवलं तर? तुम्ही फुलपात्र चुलीवर ठेवलंत. उकळी फुटली, तरी तळाचं मीठ जवळजवळ तसंच. साखर असती तर कितीतरी जास्त विरघळली असती, तुरटीही, असं तुम्ही सांगितलंत. मीठ मात्र उष्णतेला दाद देत नाही. शंभर ग्रॅम पाण्यात छत्तीस ग्रॅमच्या आसपास, की संपलं. उकळून उकळून दोन-तीन ग्रॅम जास्त. आणि म्हणून तापवून गार केल्यावर तुरटीसारखे त्याचे मोठे खडेही पडत नाहीत.

"मग ते पाण्यातून परत कसं आणायचं?"

"वाट बघून. पाणी गेलं की ते येतं. आमच्या बाबांची सगळी नोकरी हीच."

पुढच्या वर्षी मी रसायनशास्त्रात पास झालो आणि त्याच दिवशी ते सोडून संस्कृतकडे गेलो. तुम्ही नुसतं म्हणालात, "हरकत नाही. पण विचारायचं सोडू नका."

आपला वाद सुरू झाला तो त्या फुलपात्रावरूनच. किती वर्षं चालला? मी हस्तलिखितांच्या ग्रंथालयात लागलो, मुक्ता झाली, आई गेली, दादा गेला, मी निवृत्त झालो आणि वाद तिथेच. माझं म्हणणं असं की तळाशी मीठ बसलं, पाण्यात आणखी जाईना, म्हणजे गोष्ट थांबली. तुमचं म्हणणं, काही थांबलेलं नाही. खड्यातून कण सतत पाण्यात जाताहेत आणि पाण्यातले तितकेच सतत खड्यावर येऊन बसताहेत.

"जितकं गेलं तितकंच आलं, तर फरक काय पडला?" मी विचारायचो. "जे बदलत नाही, दिसत नाही, त्याला थांबलेलंच म्हणायचं."

"दिसत नाही म्हणजे होत नाही, हे तुमच्या कुठल्या पोथीत लिहिलंय? मला ती पोथी दाखवा, मी कडेला शेरा मारते."

"शेरा मारलात तर तो पुढच्या नकलेत मूळ मजकुरात घुसतो."

"मग तर मारतेच."

हा वाद चहाबरोबर निघायचा आणि चहाबरोबर संपायचा. दादा मध्येच म्हणायचा, "तुम्ही दोघं त्या मिठाला जरा झोपू द्याल का?" मला वाटायचं, हा वाद आपल्या घरातलं एक सामान आहे. घडवंचीसारखं. कुणी हलवणार नाही.

आता जे लिहायचं ते.

गेल्या थंडीत तुमच्या पायांवर सूज आली. डॉक्टरांनी हृदय तपासलं, लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्या दिल्या आणि चिठ्ठीच्या खाली दोन शब्द लिहिले: 'नमक कम'. तुम्ही गोळ्या वाचल्यात. मी ते दोन शब्द वाचले. जन्मभर मी दुसऱ्यांचं अक्षर वाचत आलो. एखादं अक्षर पुसट असेल तर भिंग लावून तासभर बसायचो. पण हे दोन शब्द स्पष्ट होते म्हणून मी त्यांच्याकडे नीट पाहिलंच नाही. कमी म्हणजे किती, हे डॉक्टरांना विचारलं नाही. तुम्हालाही विचारलं नाही.

घरी आल्यावर फडताळातला मिठाचा डबा काढला आणि माझ्या खोलीत कोशाच्या खंडांमागे लपवला. स्वयंपाक मी हातात घेतला. तुमच्या वरणात मीठ नाही, भाजीत नाही, भाकरीत नाही. लोणचं, पापड बंद. तुमच्यासाठी वेगळं आणि माझ्यासाठी वेगळं करायला नको म्हणून मीही तसंच जेवू लागलो. मला त्याचा थोडा अभिमानही वाटत होता. तो आता लिहिताना सर्वांत जास्त टोचतो.

पहिल्या दिवशी तुम्ही ताटाकडे पाहिलंत. आपल्याकडे ताट वाढताना आधी मीठ वाढतात, वर मधोमध, आणि मग बाकीचं. ती जागा रिकामी होती. तुम्ही तिथे बोट टेकवलंत आणि माझ्याकडे पाहून म्हणालात, "भावजी, इथला मजकूर गळलाय."

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"मीठ कमी."

"कमी," तुम्ही म्हणालात. "आणि हे काय आहे?"

मी म्हणालो, "वहिनी, तुमच्याच भल्यासाठी आहे." तुम्ही भाकरी मोडलीत. पण त्यानंतर रोज, दोन्ही वेळा, जेवायला बसलात की ताटाच्या त्या रिकाम्या जागेवर एकदा बोट टेकवायचात. बोलायच्या नाहीत. मला तो हट्ट वाटायचा. माझ्यावरची टीका वाटायची. ते एका शिक्षिकेचं दाखवणं होतं, विद्यार्थ्याला चूक दिसेपर्यंत बोट हलवायचं नाही.

एकदा नुसतं म्हणालात, "तुमच्या कोशांना हल्ली समुद्राचा वास येतो." पावसाळा होता, डबा पाझरत होता, एका खंडाच्या पुठ्ठ्यावर ओला गोल उमटला होता. म्हणजे तुम्हाला जागा माहीत होती. हात घालून घेता आलं असतं. घेतलं नाहीत.

आणि मग बरणी.

भाद्रपद असावा. घरकामाला येणारी सुनीता तुम्हाला रिक्षाने तपासणीला घेऊन गेली होती. मी तुमच्या खोलीत खिडकी पुसायला गेलो, तर पडद्यामागे ही बरणी. झाकण घट्ट. तळाशी मीठ, वर पाणी, आत काहीतरी दोऱ्याला लोंबणारं. मी झाकण उघडून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. जीभ चरचरली. मला वाटलं, ही बाई चोरून मिठाचं पाणी पिते आहे. माझ्या इतक्या महिन्यांच्या अळणी जेवणाची तुम्ही थट्टा करताय असं मला वाटलं. मोरीत सगळं ओतलं, दोऱ्यासकट. बरणी घासली आणि फळीवर पालथी ठेवली.

तुम्ही आलात. खिडकीकडे पाहिलंत, मग स्वयंपाकघराच्या दारातून फळीकडे.

"बरणी घासलीत?"

"हो."

"बरं."

एवढंच. मी वाट पाहत होतो की तुम्ही चिडाल, मग मी चिडेन. तुम्ही भिंतीकडे तोंड करून आडव्या झालात. बऱ्याच वेळाने म्हणालात, "भावजी, हल्ली तुम्ही विचारत नाही."

मी हे ऐकलं. न ऐकल्यासारखं करून चहा टाकायला गेलो.

त्यानंतर काही आठवड्यांनी तुम्ही मला दादाच्या नावाने हाक मारलीत. मला वाटलं, वय झालं. तुम्हाला फार तहान लागायची, मी तांब्या भरून उशाशी ठेवायचो, एक संपला की दुसरा. सेवा करत होतो. मग एका दुपारी तुम्ही उठून बसलात आणि ओरडलात, "भरती आली! बांध बघा कुणीतरी! सगळं मीठ वाहून जाईल!"

मी म्हणालो, "वहिनी, हे बनारस आहे."

"मग बांध कोण बघणार?"

तुम्ही रडत होतात. मी तुमचा हात धरून बसलो आणि म्हातारपणाविषयी काहीबाही विचार करत राहिलो. असे तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सुनीता भांडी घासता घासता उठली, तुमच्या डोळ्यांत वाकून पाहिलं आणि मला म्हणाली, "बाबूजी, ई बुढ़ापा नहीं है. अस्पताल चलिए." ती म्हणाली म्हणून गेलो.

तिथल्या तरुण डॉक्टरने रक्ताचा कागद वाचला आणि विचारलं, "सोडियम बहुत गिरा हुआ है. खाने में नमक बिल्कुल बंद था क्या?"

वहिनी, हे पुढचं वाक्य लिहायला मला फार वेळ लागला. मी म्हणालो, "जी नहीं. कम था."

मी खोटं बोललो. एकाहत्तराव्या वर्षी, पांढरे केस घेऊन, त्या पोराच्या डोळ्यांत बघून. त्याने मान हलवली, "इस उम्र में दवा से भी हो जाता है. पानी ज़्यादा पीने से भी." त्याने मला दोन दारं उघडून दिली आणि मी दोन्हींतून बाहेर पळालो. आता रोज परत येतो. गोळ्यांनी झालं असेल. पाण्याने झालं असेल. पण पाणी कोण भरून ठेवत होतं? खरं उत्तर दिलं असतं तर उपचार काही वेगळा झाला असता का, हे मला माहीत नाही. त्या डॉक्टरकडे पुन्हा जावं असं वाटतं, जिन्यापर्यंत जातो, परत फिरतो.

सलाइन थेंब थेंब चाललं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही डोळे उघडलेत. अगदी तुम्हीच होतात. वर टांगलेल्या बाटलीकडे बघून विचारलंत, "किती टक्के?"

मी उठून चष्मा लावला आणि बाटलीवर वाचलं. "शून्य पूर्णांक नऊ."

"हं," तुम्ही म्हणालात. "अळणीच."

आणि हसलात. मी पण हसलो. तो क्षण होता, वहिनी. तेव्हाच सांगायला हवं होतं, की बरणी मी रिकामी केली, की डॉक्टरला खोटं सांगितलं, की माझं चुकलं. मला वाटलं, थोडी ताकद येऊ दे, उद्या सांगू. तुमच्या छातीत पाणी भरत चाललं होतं, ते हृदयाचं होतं, जुनंच होतं, असं नंतर कळलं. पाचव्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. मुक्ता पुण्याहून आदल्या संध्याकाळी पोचली होती, तेवढं बरं झालं.

गुरुजी म्हणाले, क्रिया करणाऱ्याने दहा दिवस अळणी खायचं. मी म्हणालो, हो. सवय होती.

तेराव्याचा स्वयंपाक घरीच करायचा असं मुक्ताने ठरवलं. असला स्वयंपाक करताना चव घ्यायची नाही, हे तिला माहीत होतं. तिला तुमची ती गोष्टही आठवली. लग्नाच्या पहिल्याच वर्षी आमच्या वडिलांच्या श्राद्धाला आमटीत तुम्ही मीठ घातलंत आणि तुम्ही विसरला असाल म्हणून आईनेही घातलं. चाखून बघायची सोय नाही. पानावर बसलेले ब्राह्मण एकही शब्द न बोलता पाणी मागत राहिले. त्या संध्याकाळी तुम्ही म्हणालात, चाखायचं नाही ना, मग मोजू या. आणि कॉलेजातून जुना तराजू आणून, किती आमटीला किती मीठ, याचा तक्ता केलात. आई म्हणाली, "आता पितरांनाही प्रॅक्टिकल!" पण पुढच्या वर्षापासून गल्लीतल्या मराठी घरांतून बायका तो तक्ता उतरवून न्यायला येऊ लागल्या.

"काका, आईचा तो कागद कुठे असतो?"

"फडताळाच्या दाराला, आतून."

ते फडताळ मी मिठाचा डबा काढल्यापासून उघडलं नव्हतं. आत फक्त मीठ आणि मसाले असत आणि मसाले मी बाहेर मांडून ठेवले होते. मुक्ताने दार उघडलं. कागद तिथेच होता, पिवळा पडलेला. ती मोठ्याने वाचू लागली. आमटी, कोशिंबीर, वडे, खीर, आणि खिरीपुढे 'नाही!' असं उद्गारचिन्हासकट. मग ती थांबली.

"काका, खाली नवीन शाईने लिहिलंय."

तुमचं अक्षर थोडं कापरं होतं.

'मी: डॉक्टरांना फोन करून विचारले. दिवसाला एक सपाट चहाचा चमचा, सगळे मिळून. सावधानी: भावजींना "कमी"चा अर्थ समजावणे. अपमान न करता.'

प्रयोगवहीत शेवटी लिहायची ती सावधानी तुम्ही वाण्याच्या यादीतही लिहायचात. मला हसू यायचं.

मुक्ता माझ्याकडे बघत होती. "काका, आईला हे मिळत होतं ना?"

मी म्हणालो, "डबा आणतो." कोशामागून डबा काढला. मीठ दगडासारखं झालं होतं. उलथण्याने फोडावं लागलं. मुक्ताने तुमच्या तक्त्याप्रमाणे मोजून घातलं. पानावर बसलेले एक वृद्ध आचार्य म्हणाले, "आमटीत मीठ अगदी बरोबर आहे. कोणी केली?" तुमच्या तेराव्याच्या आमटीत मीठ तुम्हीच घातलं होतं, वहिनी. मी वाढत होतो. भांडं खाली ठेवून मोरीवर गेलो आणि बराच वेळ हात धूत राहिलो.

अपमान न करता. हे तीन शब्द माझ्या मागे लागले आहेत. म्हणून तुम्ही नुसतं बोट टेकवत होतात. मी एकदाही विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. यात तुमचीही चूक आहे, हे आज लिहितो. रागावून लिहितो. शिकवणाऱ्याने इतकं मुकाट राहू नये. अपमान झाला असता तर मी दोन दिवस फुगून बसलो असतो आणि तिसऱ्या दिवशी वरणात मीठ पडलं असतं. एवढीच किंमत होती. तुम्ही माझा मान राखलात. मला तो नको होता.

हे लिहिलं आणि उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. खोडणार होतो, खोडत नाही. तुमच्याशी वाद घालायचा आणि मग तो पुसायचा, हे तुम्हालाच आवडलं नसतं.

मुक्ता परत गेली त्या दिवशी सुनीता तुमची खोली आवरत होती. ती फळीवरची बरणी हातात घेऊन म्हणाली, "अम्मा वाला खेल अधूरा रह गया."

"कौन सा खेल?"

"अरे, यही नमक वाला. हमसे खड़ा नमक मँगवाई थीं, आपसे छिपा के. बड़ा वाला टुकड़ा छाँटीं, नेलकटर से कोना तोड़ीं, धागे में बाँध के लटकाईं. बोलीं, सुनीता, छूना मत, पढ़ाई का सामान है. महीना भर में बाबूजी को दिखाना है."

मी विचारलं, त्यातलं पाणी त्या कधी प्यायच्या का. सुनीता माझ्याकडे अशी बघत राहिली की मला खाली बघावं लागलं. "एक बूँद नहीं, बाबूजी. अम्मा जी चोर थीं क्या?"

मग तिनेच मला सांगितलं तुम्ही काय दाखवणार होतात. तिला सगळं पाठ होतं. तुम्ही तिलाही शिकवलं होतंत. पाण्यात मीठ मावेल तेवढं भरलं की टांगलेला खडा वाढत नाही, घटत नाही, वजन तेवढंच. पण त्याचा तोडलेला कोपरा हळूहळू भरून येतो. आत काही थांबलेलं असतं, तर तुटलेलं तुटलेलंच राहिलं असतं. "अम्मा कहती थीं, इस बार बाबूजी हारेंगे."

म्हणजे पन्नास वर्षांच्या वादाचा निकाल तुम्ही त्या पडद्यामागे लावून ठेवला होता आणि मी तो मोरीत ओतला. तरी तुम्ही 'बरं' म्हणालात.

सुनीतानेच मीठ आणून दिलं. पाण्यात घालत गेलो, ढवळत गेलो, तळाशी राहू लागलं तेव्हा थांबलो. मोठ्यात मोठा खडा निवडला. पोथ्यांची पानं उलटायचा माझा चिमटा, त्याने धरून कोपरा तोडला. दोन खडे भुगा झाले, तिसरा जमला. झाकण घट्ट लावलं. त्यावर चिठ्ठी: 'हलवू नये. घासू नये.'

त्याला आता दोन आठवडे झाले. मला वाट बघता येत नाही, वहिनी. तुमच्या बाबांची नोकरी माझ्याच्याने झाली नसती. कालपर्यंत भिंगातून काहीच दिसलं नाही. मला वाटलं, मीच जिंकतोय, आणि इतकी भीती कधी वाटली नव्हती. आज सकाळी ऊन तिरपं आलं तेव्हा पाहिलं. तुटलेली बाजू खरखरीत होती, तिथे एक लहानशी सपाट पायरी आली आहे. चकाकते. कोपरा अजून नाही. पण ती पायरी माझ्या चिमट्याने केलेली नाही. तेव्हापासून चार वेळा जाऊन आलो, ती आहे.

तर मी हरलो. थांबलेलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला आधी सुचली नव्हती, तुम्हाला नक्की माहीत असणार. बाहेरून नवं काहीच येत नाही. तो कोपरा भरायला लागलेलं मीठ त्याच बरणीतलं आहे, खड्याच्याच दुसऱ्या कडांवरून, तळाच्या ढिगातून गेलेलं. हे सोपं नाही आणि यात मला कोणी माफ केलेलं नाही. मी नुसतं पाहिलं ते लिहिलं. मुक्तालाही लिहिणार आहे. तिने फडताळापाशी जे विचारलं त्याचं उत्तर अजून द्यायचं आहे आणि ते 'कम था' असं नसेल. आज संध्याकाळी फोन करतो. फोनवर जमलं नाही तर पुण्याला जातो. ती काय म्हणेल ते ऐकायला समोर बसलं पाहिजे.

दुपार झाली. सुनीताने भात टाकला आहे. तेरावं झालं तरी मी अळणीच जेवत होतो, ती रोज बडबडत होती. आज मी पाट मांडला, ताट घेतलं. फडताळ उघडून डबा काढला, तो आता तिथेच असतो. भाताआधी, वरणाआधी, ताटात वर मधोमध चिमूटभर मीठ वाढलं.

मग तिथे बोट टेकवून जरा वेळ बसलो.